काटा चुकतोय की चाक? आधी किलोमीटर मोजा

वेगाचा ‘मीटर जास्त दाखवतो’ म्हणून गाडी गॅरेजात नेली की पहिला हात सेन्सरला लागतो. सेन्सर बदलला जातो, बिल होतं आणि काटा होता तिथेच राहतो. यात नवल काही नाही. सेन्सर चाकाबरोबर फिरणारे दात मोजतो, एवढंच त्याचं काम. तो बिघडला तर अडखळेल, उड्या मारेल, बंद पडेल. पण रोज नेमाने आठ टक्के जास्त सांगत राहणं त्याला जमत नाही. म्हणून मीटर किती चुकतो यापेक्षा कसा चुकतो हे आधी बघावं. चुकीच्या आकारावरून ती कुठे आहे ते कळतं, आणि त्यासाठी पाना हातात घ्यावा लागत नाही.

त्याही आधी हे लक्षात घ्या की थोडं जास्त दाखवणं हा दोषच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांपैकी ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा, आणि जास्त असलाच तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किमी इथपर्यंतच असावा. म्हणजे खरा वेग ६० असताना काटा ६० ते ७०मध्ये कुठेही असला तरी नियमात बसतो. खरा ८० असताना ९२पर्यंत. गाडी बनवणारे मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, कारण उद्या मालकाने जरा मोठे टायर घातले तरी काटा मागे राहायला नको. त्यामुळे काट्यावर ८० आणि मोबाइलच्या जीपीएसवर ७५-७६ दिसले तर गाडी धडधाकट आहे, घरी जा. काळजी उलट्या बाजूची करायची: काट्यावर ८० आणि खरे ८३.

मोजायचं कुठे?

कोकणात खरी अडचण इथेच आहे. जीपीएसवर वेग दाखवणारं कुठलंही साधं अ‍ॅप या कामाला पुरतं, पण त्याला मोकळं आकाश, सरळ रस्ता आणि वीस-तीस सेकंद एकसारखा वेग लागतो. वेग बदलला की जीपीएसचा आकडा एक-दोन सेकंद मागे राहतो, तेवढ्यात काटा पुढे गेलेला असतो. रेवस-रेडी सागरी मार्गावर हे जमणं कठीण: दर दोन मिनिटांनी वळण, वर आंब्या-फणसाची छत्री, नाहीतर खाडीच्या पुलाकडे उतरणारा उतार. कशेडीच्या बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाही. तिथे अ‍ॅप जो आकडा दाखवतं तो मागच्या वेगावरून केलेला अंदाज असतो. मुंबई-गोवा महामार्गाचा सिंधुदुर्गातला चौपदरी काँक्रीटचा भाग, कणकवली ते झारापच्या दरम्यानचे सरळ तुकडे, या कामाला चांगले. सकाळी लवकर जा. गणपतीच्या आठवड्यात हा विचारही करू नका.

निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. मोबाइल पक्का बसवा आणि आकडे शेजारच्याने वाचून लिहावेत. चालवणाऱ्याने काटा ४०वर धरायचा, मग ६०वर, मग ८०वर, आणि प्रत्येक वेग दोनदा. चढ-उताराचा बाऊ करू नका. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावरसुद्धा नकाशावरचं अंतर आणि चाकाने कापलेलं अंतर यांत ०.२ टक्क्याहून कमी फरक पडतो. चढावर वेग एकसारखा धरता येत नाही, अडचण तेवढीच.

मोबाइल नसेल तर मैलाचे दगड आहेत. ३६०० भागिले सेकंद म्हणजे वेग. पिवळ्या माथ्याच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ६० सेकंद लागले तर ६०, ७२ लागले तर ५०, ४५ लागले तर ८०. बोट एक सेकंद चुकलं तर ८०च्या वेगाला जवळजवळ पावणेदोन किमीचा फरक पडतो, म्हणून एका दगडावर न थांबता सलग पाच मोजा. मात्र चौपदरीकरणात वळणं काढली गेली, बाह्यवळणं आली, त्यामुळे जुना दगड दुसऱ्या जुन्या दगडापासून बरोबर एक किलोमीटरवर असेलच असं नाही. दगड आणि जीपीएस यांचं जमत नसेल तर जीपीएसचं ऐका.

आता कागदावरचे आकडे बघा. काटा ४०, ६०, ८० असताना जीपीएसवर ३७, साडेपंचावन्न, ७४ आले, तर चूक वेगाबरोबर वाढते आहे: तिन्ही ठिकाणी काटा सुमारे आठ टक्के पुढे. आणि तेच ३५, ५५, ७५ आले, तर चूक सगळीकडे पाचच किमीची आहे. पहिल्या प्रकारात चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब चुकलेला असतो, म्हणजे टायर, गरारी किंवा मीटरमधली मांडणी. दुसऱ्या प्रकारात काटा आपल्या जागेवरून सरकलेला असतो. तिसरा प्रकार कागदावर उतरतच नाही: काटा थरथरतो, उडी मारतो, मधूनच शून्यावर येतो. केबल, सेन्सर, वायर यांची पाळी फक्त तेव्हा.

याच फेरीत एक काम आणखी उरका, ते बहुतेक जण विसरतात. ट्रिप मीटर शून्य करून वीस किलोमीटर चाला आणि अंतर जीपीएसच्या अंतराशी ताडून बघा. शक्यतो सरळ रस्त्यावर, कारण वळणावळणाच्या रस्त्यावर जीपीएस ठिपके जोडत कोपरे कापतो आणि अंतर किंचित कमी भरतं. वेग आठ टक्के जास्त आणि ट्रिपही वीसऐवजी २१.६, तर गाडीला मिळणाऱ्या फेऱ्याच चुकीच्या आहेत. वेग आठ टक्के जास्त पण ट्रिप २०.१, तर फेऱ्या बरोबर आहेत आणि वाढ फक्त दाखवण्यातली आहे, बहुधा वर सांगितलेली मुद्दाम ठेवलेलीच. इथे पैसे खर्चू नयेत. जुनी गाडी घेतानाही ही वीस किलोमीटरची चाचणी करावी. ट्रिप चुकत असेल तर ओडोमीटरवरचा एकूण किलोमीटरचा आकडा आणि दर लिटरला मिळणारं अंतर, दोन्ही त्याच टक्क्याने खोटे असतात.

२०१३नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडून घ्यायचं, सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं साधं डोंगल लावून मोबाइलवर वेग बघता येतो. तो पूर्णांकातच येतो, पण गाडीच्या संगणकाला वेग किती कळतो आहे हे दिसतं. ओबीडी आणि जीपीएस जुळतात आणि काटाच पुढे आहे, तर सेन्सर निर्दोष. काटा उड्या मारतोय पण ओबीडीचा आकडा स्थिर आहे, तर दोष मीटरमध्ये. ओबीडीही उड्या मारत असेल तर गाडीखाली शिरायची वेळ आली.

टायरचं गणित

टक्क्यातल्या चुकीचं सर्वांत मोठं कारण टायर, आणि कोकणात त्याला आणखी जोर येतो, कारण जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडी खाली घासू नये म्हणून लोक हौसेने एक माप वरचा टायर घालतात. टायरच्या अंगावरच्या मापात सगळं असतं. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंची म्हणजे ३५५.६ मिमी. उंची दोनदा धरायची: ३५५.६ अधिक २६४ म्हणजे सुमारे ६२० मिमी व्यास. आता १८५/६५ आर १५ काढून बघा, ६२१.५ येतो. फरक नगण्य, म्हणूनच एकाच गाडीच्या साध्या आणि महागड्या मॉडेलला हे दोन वेगळे टायर असू शकतात आणि मीटर तोच चालतो. पण १६५/७० आर १४ काढून तिथे १६५/८० आर १४ घातला, तर व्यास ५८६.६वरून ६१९.६ होतो, साडेपाच टक्क्याहून जास्त वाढ. मीटर मुळात तंतोतंत असता तर काट्यावर ८० असताना गाडी साडेचौऱ्याऐंशीने धावली असती. जीपवर्गातल्या गाडीला २१५/७५ आर १५च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर वाढ सव्वाचार टक्के.

दिशा लक्षात ठेवा, इथे हमखास गोंधळ होतो. मोठा टायर तेवढ्याच अंतरात कमी फेऱ्या मारतो, म्हणून काटा मागे आणि गाडी पुढे. झिजलेला टायर लहान होतो, फेऱ्या वाढतात, काटा पुढे जातो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी असते आणि कायद्याची मर्यादा १.६. तिथवर झिजला की व्यास १२.८ मिमीने घटतो, म्हणजे ६२० मिमीच्या टायरला दोन टक्के. नवे टायर घातल्यावर ‘गाडी मीटरला कमी चालते’ असं वाटतं ते यामुळे. हवा कमी असल्याचा परिणाम मात्र लोक समजतात तेवढा नसतो. रेडिअल टायरमधला पोलादी पट्टा फारसा आक्रसत नाही, फरक एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर.

गणितावर विश्वास नसेल तर खडू घ्या. सिमेंटच्या सपाट खळ्यात टायरवर आणि जमिनीवर एकाच ठिकाणी खूण करा, चालकाच्या जागी कोणी बसू द्या, आणि गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे पूर्ण करा. अंतर टेपने मोजून पाचाने भागा. वजनाखाली टायर दबतो, म्हणून व्यास गुणिले ३.१४ नव्हे, व्यास गुणिले ३.०५ हे उत्तर अपेक्षित धरायचं. ६२० मिमीच्या टायरला एक फेरा १.८९ मीटर, पाच फेरे ९.४५ मीटर. टेपवर ९.२० आले तर टायर पावणेतीन टक्के लहान आहे. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती दोन्ही मोजा. स्टेपनी बऱ्याचदा वेगळ्या मापाची असते आणि पंक्चर काढल्यावर ती तशीच लागून राहते.

टायर बरोबर आणि तरीही टक्क्यातली चूक असेल तर गिअरबॉक्सचा इतिहास विचारा. जुन्या बाजारातला गिअरबॉक्स बसवला असेल तर आतलं गुणोत्तर वेगळं असू शकतं. मीटर फिरवणारी प्लास्टिकची गरारी बाहेर ओढून दात मोजा. २१च्या जागी २० दातांची बसली तर केबल पाच टक्के जोरात फिरते. मीटरच बदललेला असेल तर तो दुसऱ्या मॉडेलचा आहे का ते बघा. नव्या गाड्यांत टायरचं माप संगणकात मांडलेलं असतं, ते स्कॅनर लावून बदलावं लागतं.

केबलवाल्या जुन्या गाड्या

या अजून गावोगावी आहेत, आणि त्यांचं निदान सर्वांत सोपं. केबल मीटरमध्ये एक चुंबक फिरवते, चुंबक अ‍ॅल्युमिनियमची वाटी ओढतो, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग वाटीला मागे धरते. किलोमीटरचे आकडे मात्र थेट दातांनी फिरतात. म्हणून आकडे बरोबर आणि काटा चुकीचा असेल तर केबलला दोष देऊ नका: चुंबक मंदावला तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग ढिली झाली तर जास्त. काटा आणि आकडे दोन्ही थांबले असतील तर केबल तुटली किंवा गरारीचे दात गेले.

काटा २० ते ४०च्या दरम्यान थरथरत असेल, कट-कट आवाज येत असेल, तर आतली तार कोरडी पडली आहे किंवा पावसाचं पाणी शिरून गंजली आहे. मीटरकडचं टोक सोडवून तार बाहेर ओढा, रॉकेलने धुवा, बोटांत धरून फिरवा. कुठे गाठ लागली, एखादा तंतू उसवला, टोकाचा चौकोन गोल झाला, तर नवी केबल घ्या. ठीक असेल तर ग्राफाइट ग्रीस लावा, पण खालच्या दोन तृतीयांश भागालाच. वरचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा, नाहीतर ग्रीस तारेच्या पिळातून चढत मीटरमध्ये जातं, वाटी चिकटते आणि काटा खाली यायचं नाव घेत नाही. बसवताना वळण मोठं ठेवा. १५ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत केबल मोडली की थरथर परत येते.

मीटर काढून तपासायचा असेल तर जपानी पद्धतीच्या बऱ्याच मीटरांचा आकडा ६३७ असतो: केबलचे ६३७ फेरे म्हणजे एक किलोमीटर. ड्रिल मशीन मिनिटाला ६३७ फेऱ्यांवर धरून तारेचा तुकडा फिरवला तर काटा ६०वर यायला हवा. आधी हाताने फिरवून दिशा बघून घ्या.

खारं वारं आणि सेन्सर

केबल गेली तिथे गिअरबॉक्सवर तीन वायरींचा सेन्सर आला: एक १२ व्होल्ट, एक अर्थिंग, एक सिग्नल. तपासायला पुढचं एक चाक जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना चिरे लावलेले. चिरा चाकाला टेकवायला ठीक. त्याच्यावर गाडी टेकवून खाली शिरू नका, जांभा न सांगता फुटतो. जॅकखेरीज पक्का स्टँड लावाच. इग्निशन चालू करून, कनेक्टर लागलेला असतानाच, मल्टीमीटरचं टोक मागून सिग्नलच्या वायरीला लावा आणि चाक हळू फिरवा. व्होल्टेज शून्य आणि ५ किंवा १२ यांच्यात वर-खाली व्हायला हवं. कनेक्टर काढून मोजलं तर सेन्सरकडून काहीच येणार नाही, कारण ते व्होल्टेज पलीकडून, मीटर किंवा संगणकाकडून येतं. उलट कनेक्टर काढल्यावर गाडीकडच्या सिग्नल वायरीवर काहीच नसेल तर सेन्सर निर्दोष आणि वायर तुटलेली. १२ व्होल्टच नसतील तर फ्यूज.

एकच चाक उचलून इंजिनाने फिरवलं तर डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गरारीमुळे, ते चाक मीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं: काट्यावर ३० म्हणजे हवेतल्या टायरला ६०. हा प्रयोग करू नये, हाताने फिरवून काम भागतं.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाड्यांत बऱ्याचदा गिअरबॉक्सवर सेन्सर नसतोच. चाकांवरचे सेन्सर एबीएसला आणि एबीएस मीटरला वेग कळवतं. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचं दुखणं इथे आहे. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीच्या जेटीवरून गाडी बोटीत चढवताना उतार खाऱ्या पाण्याने ओला असतो. हर्णै-गुहागरकडे वाळूत गाडी घालणारेही कमी नाहीत. ते पाणी चाकाच्या आत बसतं. सेन्सरच्या बुडाखाली गंजाचा पापुद्रा तयार होतो आणि सेन्सरला दातांपासून मिलिमीटरभर वर उचलतो. सिग्नल आधी कमी वेगाला हरवतो, एबीएसचा दिवा लागतो, मग काटा २०च्या खाली मरतो. शाफ्टवर बसवलेली दातांची कडी खालून गंजली तर तडकते. चीर गेली की एक फट रुंद होते आणि दर फेऱ्याला एकदा हिशेब चुकतो. गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल विनाकारण थरथरलं तर ही चीर शोधा.

सेन्सर काढताना पकडीने उपटू नका. भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, हलकेच फिरवत काढा, बसायची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. दोन वायरींच्या जुन्या, चुंबकी सेन्सरचा रोध साधारण ८०० ते २००० ओहमच्या दरम्यान असतो आणि चाक सेकंदाला एक फेरा फिरवलं की थोडं एसी व्होल्टेज दिसतं. नव्या सक्रिय सेन्सरला ओहम लावून काही कळत नाही. तिथे स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी बघणं हाच मार्ग. एका चाकाचा सेन्सर गेला तरी अनेक गाड्या उरलेल्या चाकांवरून काटा चालू ठेवतात, त्यामुळे काटा चालतोय म्हणजे सेन्सर ठीक असं धरू नका. स्कॅनरवर येणारा पी०५०० हा दोषाचा कोड ‘वेगाचा सिग्नल मिळत नाही’ एवढंच सांगतो, सेन्सर बदला असं सांगत नाही.

चाकाचं बेअरिंग बदलल्यावर लगेच एबीएसचा दिवा लागला तर बेअरिंग उलटं बसलं असण्याची शक्यता मोठी. त्याच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्ये चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरकडे हवी. टाचणी लावून बघितलं की कुठली बाजू ते कळतं.

वायरींकडे मात्र सगळ्यात आधी बघावं, कारण त्यात खर्च नाही. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना कळकतात, हिरवी पूड दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. अर्थिंगचा बोल्ट उघडून खालचा पत्रा घासा. गाडी पडवीत पेंढ्याशेजारी उभी असते तिथे उंदीर वायर कुरतडतातच. पिवळ्या पाटीच्या गाड्यांत वेगमर्यादेचं यंत्र बसवताना सेन्सरचीच वायर सोलून जोड दिलेला असतो. नुसता टेप गुंडाळलेला तो जोड एका पावसाळ्यात जातो आणि काटा उड्या मारू लागतो. तो डाग देऊन पक्का करा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

राहिला सरकलेला काटा. इग्निशन बंद असताना तो शून्याच्या खुंटीवर टेकतो का बघा. मीटर उघडून दुरुस्त केल्यावर काटा अंदाजाने दाबून बसवला की पाच-सात किमीची कायमची चूक होते. स्कॅनरवर मीटरची चाचणी असेल तर तिथून ६०चा हुकूम द्या आणि काटा बरोबर ६०वर बसवा. स्कॅनर नसेल तर काढण्यापूर्वी कागदी टेपवर तो बंद असताना टेकतो ती जागा खुणा, खाली कापड घाला, दोन चमच्यांनी दोन्हीकडून सारखा उचला. एका बाजूने उचकटला तर आतल्या छोट्या मोटरची दांडी वाकते, मग पूर्ण मीटर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. तसा बदललाच तर जुन्या मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवा आणि तो आकडा तारखेसह बिलावर लिहून घ्या.